नोंद चालू आहे

सारखी लागते म्हणून डॉक्टरांनी हेडमास्तरांच्या मोबाइलवर लघवीची नोंद ठेवणारं अ‍ॅप घालून दिलं. घाई होती का, धार कशी होती, मोकळं वाटलं का, असे नाना प्रश्न ते विचारायचं; आणि जन्मभर कुणाची अर्धवट उत्तरपत्रिका खपवून न घेतलेले हेडमास्तर आतच थांबून ते सगळे सोडवायचे.

घरात बाथरूम एकच. दाराबाहेर बायको या पायावरून त्या पायावर.

“अहो, आटपा ना! बाहेर येऊन भरा की ते.”

“बाहेर आल्यावर नीट आठवत नाही. जरा दम धर.”

ती दम धरायची. आणखी काय काय धरून ठेवायची, ते विचारायला तिच्याकडे अ‍ॅप नव्हतं.

महिन्याने हेडमास्तरांचा आलेख पाहून डॉक्टर खूश झाले. बायको मात्र जळजळीने आणि तापाने हैराण. तिला तपासून त्यांनी विचारलं, “काकू, लघवी रोखून धरता का हो?”

काकूंनी तोंड उघडायच्या आत हेडमास्तर म्हणाले,



“तेच तर, डॉक्टर! हिला वेळच्या वेळी जायची शिस्तच नाही.”