रसग्रहण, चार गुण

नवरा जाऊन सतरा दिवस झाले होते. नलिनीबाई बोर्डाचे मराठीचे पेपर तपासायला केंद्रावर हजर झाल्या. रसग्रहणाला एका जुन्या कवीची कविता होती. बायकोला अग्नी देऊन परतलेला कवी गाईची धार काढतो, अंगण झाडतो, दिवा लावतो. नमुना उत्तर होतं करुण रस. एकोणीस वर्षं बाईंनीही वर्गात तेच शिकवलं होतं.

एका उत्तरपत्रिकेत मात्र लिहिलं होतं, ‘कवीला अजून दुःख झालेलंच नाही. तो नुसती कामं करतोय.’ बाईंनी चारपैकी चार गुण दिले.

तपासलेले पेपर पुन्हा पाहणारे नियामक टिळेकर सर ती उत्तरपत्रिका घेऊन आले. “मॅडम, हे नमुना उत्तरात बसत नाही.”

“सर, ह्यांना उचलून नेलं आणि मी कुकर लावला. सुतकात चूल पेटवायची नसते, तेही सुचलं नाही. जावेनं येऊन गॅस बंद केला,” बाई म्हणाल्या. “मला अजून रडू आलेलं नाही.”

सरांनी गुणांखाली सही केली.

बाईंनी उत्तरपत्रिकेवर नाव शोधलं. तिथे फक्त बारकोड होता. या लेकराच्या घरातलं कोण गेलं असेल? इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कुणासाठी तरी वाईट वाटलं.