साडूच्या गाडीचा आवाज

माणसाची उंची त्याच्या आवाजावरून ठरते, असं मिस्त्रींच्या साडूने गॅरेजात जाहीर केलं आणि आपल्या नव्या आलिशान गाडीचा टप पुसायला तो स्टुलावर चढला. "वाढवा आवाज, साडूभाऊ! गल्लीला कळू दे."

मिस्त्रींची स्वतःची स्कूटर धक्क्याशिवाय सुरू होत नसे. ते मुकाट्याने गाडीखाली सरकले. सायलेन्सर कापताना मनातल्या मनात म्हणाले, 'जळो मेली!' ओठही हलले नाहीत.

गाडी सुरू झाली. घरघरीच्या तळाशी कुणीतरी पुटपुटत होतं.

"अजून!" साडू म्हणाला.

मिस्त्रींनी जाड पाइप बसवला. आता गाडी थेट मिस्त्रींच्याच आवाजात म्हणाली, "जळो मेली!" मग साडूचा बंगला, बढती, दाट केस, अशी लग्नापासूनची एकेक पोटदुखी ती सांगू लागली.

मिस्त्रींनी झडप घालून किल्ली काढली. इंजिन थांबलं. आवाज थांबला नाही.

आता बायकोचं माहेर तुटणार! "हे मी नाही बोललो," असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

साडू पाइपाला कान लावून उकिडवा बसला होता.

"थोडा अजून वाढवता का?" तो म्हणाला. "केसांबद्दलचं नीट ऐकू आलं नाही."