कोर्टापासून स्टँडपर्यंत

"मला काय दिसलं न्हाय, साहेब," महबूब म्हणाला.

सरकारी वकील बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. शुक्रवार पेठेत भर संध्याकाळी बसूला भोसकून मारलं, त्याला चार वर्षं झाली होती. पानपट्टीवाला साक्षीत आधीच उलटला होता. चादरीच्या कारखान्यातले बसूचे दोन सोबतीही उलटले होते. महबूब रिक्षावाला शेवटचा.

"बसूला दवाखान्यात तुम्हीच नेलं ना?"

"नेलं. पण त्यो बेशुद्ध हुता."

"रिक्षात त्यानं इंद्रजीतचं नाव घेतलं, असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं."

"मी तसं सांगितलं न्हाय. त्यांनी काय लिवलं, मला म्हाईत न्हाय."

आरोपीच्या पिंजऱ्यात इंद्रजीत खाली बघत उभा होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? असेल तर सांगा. घाबरू नका."

मागच्या बाकावर इंद्रजीतचा मोठा भाऊ बसला होता. त्याच्याकडं न बघता महबूब म्हणाला, "न्हाय, साहेब."

साक्षीदार फितूर झाला, एवढं टाइप झालं. बाई चिडल्या नाहीत. विचारायचे म्हणून त्यांनी आणखी काही प्रश्न विचारले, महबूबनं मान हलवत नाही म्हटलं, आणि त्या खाली बसल्या. लगेच पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

फाटकाबाहेर तो रिक्षा काढत होता, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "स्टँडला सोडता का, भाई?"

बसूची आई होती. अक्कम्मा. दर तारखेला ती अक्कलकोटच्या पलीकडच्या गावाहून यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. आजही बसली होती. त्याची साक्ष तिनं शब्दन् शब्द ऐकली होती. महबूबला नाही म्हणता आलं नाही.

ती मागं बसली. सीटवरून तिनं हात फिरवला.

"हीच का रिक्षा?"

"व्हय."

"सीट बी तीच?"

"बदलली, अक्का. तवाच बदलली."

तिनं शिव्या दिल्या असत्या, तळतळाट केला असता, तर महबूबनं खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. ती नुसती बाहेर बघत राहिली. दोन चौक गेले. मग तोच बोलायला लागला, रस्त्यावरची नजर न काढता.

"शुद्धीत हुता त्यो, अक्का."

तो सांगत गेला. इंद्रजीतनं सुरा काढला तेव्हा महबूब चार हातांवर उभा होता. बसूला रिक्षात घातलं, तेव्हा त्यानं इंद्रजीतचं नाव घेतलं, दोनदा घेतलं. मग पाणी मागितलं. महबूबनं रिक्षा कडेला घेऊन आपली बाटली त्याच्या तोंडाला लावली. निम्मं पाणी शर्टावरच सांडलं.

"म्हणला, अव्वाला आत्ता कळवू नका. ती घरात एकटी असती."

आरशात त्याला तिच्या तोंडावर धरलेला पदर दिसला. सांगून झाल्यावर महबूबला हलकं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास आला.

अक्कम्मानं त्याच्या खांद्याला हात लावला.

"रिक्षा वळवा, भाई."

"आँ?"

"जजसाहेब अजून बसले असतील. त्या वकील बाई बी असतील. आत्ता मला सांगितलं, तसंच त्यांना सांगा. मी सांगते की, भाई घाबरला हुता म्हणून. ऐकतील ते."

पुढं सिग्नल लाल होता. उजवीकडं वळायला जागा होती. महबूबनं हँडल धरून ठेवलं.

"अक्का, माझी झीनत कॉलेजला जाती. परवा इंद्रजीतच्या भावानं तिला गाडीवरून घरी आणून सोडलं. मी सोडायला सांगितलं नव्हतं. दारात उभा राहून पाणी मागितलं, पिला, गेला. काय सुदिक बोलला न्हाय."

सिग्नल हिरवा झाला. रिक्षा सरळ गेली.

मग ती म्हणाली, "जपा पोरीला." आणि लगेच म्हणाली, "मग मला कशाला सांगितलं?"

"तुमाला खरं कळावं म्हणून."

"कुणी मारलं ते मला ठाऊकच हुतं की. पाणी मागितलेलं ठाऊक नव्हतं." तिनं पदर खोचला. "ते आता मी घरी घेऊन जाते. थांबवा हितं."

"स्टँड लांब हाय अजून."

"थांबवा."

ती उतरली. दुपारचं ऊन डांबरावर चढलं होतं. डोक्यावर पदर घेऊन ती रस्त्याच्या कडेनं चालू लागली, पाय ओढत, दुकानांची सावली सोडून उन्हातनंच.

महबूबनं पहिला गिअर टाकला. रिक्षा तिच्या मागनं तिच्याच चालीनं निघाली.

"अक्का, बसा की."

तिनं वळून बघितलं नाही. मागं सिटी बस येऊन थांबली, हॉर्न वाजायला लागले. एक मोटारसायकलवाला जाता जाता शिवी हासडून गेला. रस्ता पुढं मोकळा होता. पण महबूबला काही तिच्या पुढं रिक्षा काढता येईना.