ळ बाळाचा

"आजी, म्हण. ळ."

"य."

"य तर कधीच झाला! ळ. जीभ मागे वळव."

कस्तुराबाईंनी जीभ एवढी मागे नेली, की आता गिळतात की काय असं वाटलं. "य," त्या म्हणाल्या.

फोन तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. तिकडे पुण्याला सहा वर्षांची निकिता हातात पट्टी घेऊन उभी. मागे भिंतीवर अक्षरांचा तक्ता. नात मॅडम, आजी विद्यार्थी. दर रविवारी एक अक्षर आणि त्याचा शब्द. 'अ'पासून 'ह'पर्यंत गाडी मजेत आली, कारण कस्तुराबाई प्रत्येक शब्दामागे एक लोणकढी थाप लावून द्यायच्या. 'ह'च्या दिवशी तर मेडशीच्या स्टँडवर हत्ती एसटीत चढला होता, आणि सोंड खिडकीबाहेर राहिली म्हणून कंडक्टरनं त्याचं अर्धंच तिकीट फाडलं. त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. ही शाळा सुरू व्हायच्या आधी फोन यायचा तो पोळ्याला आणि दिवाळीला.

मग 'ळ' आला आणि गाडी अडली. आज पाचवा रविवार.

"बरं, नुसता ळ राहू दे. बाळ म्हण."

"बाय."

"बाय नको ना म्हणू!" निकिता घाबरलीच. "आत्ताच तर फोन लावलाय."

"तो बाय नाई वो मॅडम. बाय. पायन्यातलं."

शेजारची अंजना तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, ती फिस्सकन हसली. कस्तुराबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले.

फोनमध्ये राजूचं डोकं घुसलं. "आई, सोड नं तो ळ. क्ष अन् ज्ञ, दोनच तं राह्यले. आजच उरकून टाका. पुढच्या रविवारपासून हिचा स्केटिंगचा क्लास हाय. मंग टाइम नाई भेटनार."

कस्तुराबाईंनी पदर सारखा केला. "मी कुठं नाई म्हनतो? मॅडमले इचार."

"नाही!" मॅडमनं टेबलावर पट्टी आपटली. "ळ आल्याशिवाय पुढचं नाही."

"बरं बाप्पा. अजून एक रविवार," राजू म्हणाला. डोकं गेलं.

निकितानं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. नाकच तेवढं दिसायला लागलं. आवाज बारीक झाला. "आजी, तुला ळ कधीच नाही येणार का गं?"

कस्तुराबाई त्या नाकाकडे पाहत राहिल्या.

"यीन नं माय. मतारी जीभ हाय, तिले टाइम लागते."

"रोज शंभर वेळा म्हण हं."

"म्हनतो."

हात हलला. फोन बंद झाला. कस्तुराबाई मात्र तशाच बसून राहिल्या, मांडी घालून, वर्गात बसल्यासारख्या.

"काय वो काकू," अंजना मोठ्यानं म्हणाली, "लेकरू रडकुंडीले आलं तुमच्यापायी. एवढं काय जड हाय त्या अक्षरात? खरंच येत नाई का तुमाले?"

कस्तुराबाईंनी घाईघाईनं फोन उचलून पालथा घातला.

"हळू बोल."

अंजनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. ळ कसा, टपोरा आला होता. पुण्याच्या मॅडमलाही असा जमला नसता.

"काकू! कधीपासून?"

"दुसऱ्याच आयतवारी आला." कस्तुराबाईंनी शेंगांचं सूप आपल्याकडे ओढलं. चार दाणे काढले. मग खाली मान घालूनच म्हणाल्या,

"क्ष बी येते मले. अन् ज्ञ बी."