खड्ड्याकाठची कोंबडी

पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी लगेच पुरायची, हा आबांचाच नियम. पण एक त्यांच्याकडूनच दोन दिवस खड्ड्याकाठी राहिली आणि नऊ वर्षांच्या नातीनं, मुक्तानं, ती भुऱ्या कुत्र्याला खाऊ घातली. "बिचाऱ्याला रोज नुसती भाकरीच असते," ती म्हणाली होती.

आज भुऱ्या उठेना. आधी मागचे पाय गेले, मग पुढचे, आता मानही. डॉक्टरांनी सलाईन लावलं.

"कुजलेल्या मांसाचं विष आहे, आबा. माझ्याकडे त्यावर औषध नाही. श्वास टिकला तर वाचेल. त्याला कळतंय सगळं, फक्त हलता येत नाही."

दाराआडून मुक्तानं हळूच हाक मारली. भुऱ्याची शेपटी तेवढी जमिनीवर हलली.

मुक्ता आत येऊन आबांच्या पाठीमागे लपली. "आबा, त्याला सांगा ना, मला बघून शेपटी हलवू नको म्हणून."