एकतीस हजार तास

मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला रिवाजाने होणारा हॉल, गाऊन, पपांबरोबरचा वॉल्ट्झ नाच, सगळ्यावर पाणी सोडून युलीसाने आपल्या कॉम्प्युटरसाठी एकच गोष्ट मागितली होती: दोन टेराबाइटची हार्ड डिस्क, अगदी कोरी करकरीत. पपांनी ती आणलीही, सीलबंद डब्यात. युलीसाने डिस्क जोडली, तपासणीचा प्रोग्रॅम चालवला, तर पठ्ठी आधीच एकतीस हजार तास फिरून आलेली!

"जाऊ दे गं, चालतेय ना?" पपा म्हणत राहिले. पण ती कसली ऐकतेय! त्यांचा हात धरून तिने त्यांना थेट लिमाच्या कॉम्प्युटर बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, ती डिस्क विकणाऱ्या दॉन ओविदियोंच्या गाळ्यापाशी ओढत आणलं.

"लाज नाही वाटत, दॉन ओविदियो? आमचे पपा साधे, म्हणून जुना माल गळ्यात मारलात?" शेजारच्या गाळ्यांतली गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली, तसा तिला आणखीच चेव चढला. "माझ्या पपांना फसवायचं नाही! पैसे परत करा!"

"युली, पुरे. चल घरी," पपा पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा पपा, मी आहे ना!"

दॉन ओविदियोंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पपांकडे. पपांची नजर काही फरशीवरून वर येईना.

"डिस्कचे पैसे देतो राणी, आत्ता देतो," ते म्हणाले. "पण रिकाम्या डब्याचे परत मिळायचे नाहीत. तो तुझ्या पपांनी वेगळा विकत घेतला होता. सील तेवढं मी फुकट लावून दिलं."