डावीकडची टकटक

हा सामना हरलात तर बर्फावरची हॉकी बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. त्यांचा जीव बास्केटबॉलवर. त्याला छप्पर पुरतं, तळं गोठायची वाट पाहावी लागत नाही आणि हाडंही कमी मोडतात.

गोल बरोबरीत असताना आमच्या डाव्या बाजूच्या एल्ब्रिजनं नेमका पाय मोडून घेतला. त्याला घोड्याच्या बर्फगाडीतून नेलं.

एका संघाचा गडी जायबंदी झाला की समोरच्यांनीही एक बसवायचा, ही आमच्याकडची रीत. आमचा कप्तान ऑरिन ते सांगायला गेला, तर त्यांचा कप्तान हसला.

"डावीकडे उभा आहे की तुमचा! लबाडी करतोस होय?"

"चष्मा घे बाबा," ऑरिन म्हणाला.

मी गोलरक्षक, मला सगळा बर्फ दिसत होता. डावीकडे कुणी नव्हतं. तरी खेळ सुरू होताच तिथून काठीची टकटक आली. या खेळात चेंडूऐवजी असते ती चकती मागताना आम्ही करतो, तशीच.

ऑरिनला तिघांनी घेरलं. पुन्हा टकटक.

"तिकडे नको, वेड्या!" मी ओरडलो.

त्यानं दिलीच.

रिकाम्या बर्फावर चकती थांबली, किंचित मागे ओढली गेली आणि नेम धरल्यासारखी त्यांच्या गोलाकडे सुटली.